मेंदी लावून गेलेली मॉडेल

"हात दाखवा," मुजावर सर म्हणाले.

मी दाखवले. चांगले ऐटीत, दोन्ही तळवे पुढे करून दाखवले. मेंदी इतकी रंगली होती की मेकअप करणारी बेबीताई पावडरचा पफ तसाच हातात धरून बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

"उलटे करा."

उलटे केले. मागच्या बाजूलाही मनगटाच्या वरपर्यंत कोयऱ्या, वेली आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला गडद टोपी होती. मुजावर सरांनी कॅमेऱ्याचं काढलेलं झाकण पुन्हा लावलं.

"घरात लग्न आहे का कुणाचं?"

"नाही सर. आजच्यासाठीच काढली."

"आजच्यासाठी," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

कोल्हापुरात शाहूपुरीत एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा स्टुडिओ होता. एका मोठ्या साडी दुकानाचा दिवाळीचा कॅटलॉग त्यांच्याकडे होता आणि त्यासाठी त्यांनी मला बोलावलं होतं. मी तेव्हा इचलकरंजीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या गॅदरिंगचे फोटो काढायला ते आले होते, तिथे मला पाहून म्हणाले होते, "साडीचं काम कराल का? घरी विचारा आणि कळवा."

घरी विचारणं हे काम साडी नेसून उभं राहण्यापेक्षा फार अवघड होतं. आप्पा ना हो म्हणाले, ना नाही. अवघड निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालायची त्यांना जन्माची सवय. ते म्हणाले, "आक्का बरोबर जाईल. काम कसलं आहे, माणसं कसली आहेत ते बघेल. संध्याकाळी येऊन ती सांगेल तसं. तिनं नको म्हटलं तर हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही."

आक्का म्हणजे आप्पांची मोठी बहीण, माझी आत्ती. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं, हे घरात कुणी बोलत नसे. घर तिच्या शब्दावर चाले. आईला माझ्या बाजूनं चार शब्द बोलायचे असत, पण आत्तीसमोर ते तिच्या ओठांतच राहत. तेव्हा माझं पहिलं काम टिकणार की शेवटचं ठरणार, हे आत्तीच्या संध्याकाळच्या एका वाक्यावर होतं. ती वाक्यं बहुधा आखूडच असायची.

आणि गंमत म्हणजे आदल्या दिवशी आत्तीनंच मला तयार केलं होतं. हळद, डाळीचं पीठ आणि साय कालवून चेहऱ्याला, मानेला चोळली. डोक्यावर खोबरेल तेल थापून आवळून वेणी घातली. शेजारच्या मुलीला बोलावून मेंदी काढायला बसवलं आणि वर लिंबू-साखरेचं पाणी लावायला लावलं, रंग चढावा म्हणून. मी हरखून गेले होते. आत्ती माझ्या बाजूची झाली, आता संध्याकाळची चिंता नाही, असं मी धरूनच चालले. आमच्याकडे मुलीचा फोटो एकाच कारणासाठी काढत, स्थळाला पाठवायला. तेव्हा ही सगळी तयारी मला चुकीची वाटायचं कारणच नव्हतं.

"केसांना तेल," मुजावर सर एकेक बोट दुमडत म्हणाले. "दिव्याखाली केस डोक्याला चिकटलेले दिसणार. वेणीचे वळ पडलेत. मान पिवळी झालीय, ती पांढऱ्या साडीला लागली तर साडी दुकानाला परत कशी द्यायची? आणि ही मेंदी! गिऱ्हाईक साडी बघणार की तुमचे हात? ताई, मी परवा दुपारी तुमच्या घरी फोन केला होता. तेल नको, हळद नको, मेंदी तर मुळीच नको, सैल कपडे घालून या, एकेक करून सगळं सांगितलं होतं. एका बाईंनी घेतला फोन. 'सांगते' म्हणाल्या."

दुपारी आप्पा दुकानात असत, आई अंगणवाडीत, मी कॉलेजात. दुपारी आमच्या घरी फोन उचलायला एकच बाई असायची.

मी मागे वळून पाहिलं. आत्ती दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या रंगीत कागदांच्या गुंडाळ्यांकडे बघत होती, जणू त्या विकतच घ्यायच्या आहेत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बोट दाखवावं आणि म्हणावं, ह्यांनी घेतला फोन, ह्यांना विचारा. तोंड उघडलंसुद्धा. पण मुजावर सरांनी टेबलावरची डायरी ओढून घेतली होती आणि ते कुणाचा तरी नंबर शोधत होते. दुसरी मुलगी. फोन कुणी घेतला याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना आज साड्या संपवायच्या होत्या.

"सर, चूक माझी आहे," मी म्हणाले. "काम मला करायचं होतं, तर फोन करून मीच विचारायला हवं होतं. आता काय करता येईल ते सांगा. मी केस धुते. चेहरा, मान धुते. मेंदी काही जाणार नाही."

"तीच तर नडतेय."

"हात लपवले तर?"

"हात लपवून साडी दाखवायची?"

बेबीताईच्या खांद्यावरची ओढणी मी मागून घेतली. तिचं टोक डाव्या हातावर पसरलं, पदर दाखवतात तसं, आणि पंजा खालून मिटून घेतला. उजवा हात पाठीमागे नेला. आरशासमोर मी हे कधी केलं नव्हतं. आरशासमोर मी फक्त हसण्याचा सराव केला होता.

मुजावर सर बराच वेळ बघत राहिले. बेबीताईनंच कोंडी फोडली. "सर, पोरगी बोलतेय तर एक साडी करून बघू या की. ह्या वेळेला दुसरी कोण मोकळी मिळणार?"

"एक," सर म्हणाले. "नाही जमलं तर तुम्ही घरी. राग मानायचा नाही."

"नाही मानणार."

आता शाम्पू कुठून आणायचा, म्हणून मी इकडेतिकडे बघेपर्यंत आत्तीची खुर्ची रिकामी झाली होती. मला वाटलं, निघाली. पण ती जिना उतरून खालच्या किराणा दुकानातून शाम्पूच्या पुड्या घेऊन आली. स्टुडिओला मागच्या बाजूला वीतभर मोरी होती. तिथे आत्तीनं साडीचा काचा मारला, मला वाकवलं आणि बादलीतल्या गार पाण्यानं माझे केस धुवायला लागली. पुडीमागून पुडी फोडली. तिची बोटं माझ्या डोक्यावर नेहमीपेक्षा जोरात फिरत होती.

"आत्ती, तो निरोप..."

"डोळे मीट. फेस जाईल."

मी डोळे मिटले. तिनं आणखी एक तांब्या डोक्यावर ओतला.

टेबलफॅनसमोर केस वाळवले. मानेचा पिवळेपणा बेबीताईनं घासून थोडा काढला, उरलेला मेकअपखाली घातला. माझ्याकडे ब्लाउज एकच होता, तोही हिरवा. तिनं स्वतःच्या पेटीतला काळा काढून मला पाठीमागे पिना लावून बसवला. "पुढच्या वेळी काळा आणि सोनेरी स्वतःचे आणायचे," ती म्हणाली. पुढची वेळ हा शब्द ऐकून मला रडायला येईल की काय असं वाटलं.

पहिली साडी जांभळी होती. दिवे लागले आणि माझ्या तोंडावर आपोआप ते आरशातलं हसू आलं.

"हे कुणाला दाखवताय?" मुजावर सर कॅमेऱ्यामागून म्हणाले.

"म्हणजे?"

"पाहुणे आलेत असं वाटतंय. हसू नका. त्या खिडकीकडे बघा. काय दिसतंय?"

"समोरच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालतेय."

"तिच्याकडे बघा. किती पापड आहेत ते मला सांगू नका, पण मोजा."

मी मोजायला लागले. बटण दाबल्याचा आवाज आला. मग आणखी एकदा. ते बोलत राहिले. हनुवटी जरा खाली, डावा खांदा माझ्याकडे, श्वास सोडा. मी सांगतील ते करत गेले. त्यांनी रोल बदलला तेव्हा मी होते तशीच उभी राहिले, कारण हललं की निऱ्या मोडतात आणि बेबीताईला पुन्हा गुडघ्यावर बसावं लागतं, हे मला एव्हाना दिसलं होतं.

मधेच त्यांनी डोळा कॅमेऱ्यापासून काढला. "काय टोचतंय?"

"काही नाही सर."

"मला दिसतंय. इथं सोसायचं नसतं, ताई. टोचलं तर सांगायचं, चक्कर आली तर सांगायचं, एखादी गोष्ट करायची नसेल तर तेही सांगायचं. सोसलेलं सगळं चेहऱ्यावर उतरतं आणि माझी फिल्म फुकट जाते."

"पाठीत पिन टोचतेय," मी म्हणाले. बेबीताईनं पिन काढून लावली. माझा चेहरा खरंच हलका झाला असावा, कारण सर म्हणाले, "आता बघा, कशी माणसात आली."

त्या साडीनंतर मी वाट बघत उभी राहिले. ते डायरीकडे गेले नाहीत. बेबीताईला म्हणाले, "दुसरी काढ." मग रोल भरता भरता मला म्हणाले, "नव्या मुलींना हातांचं काय करायचं तेच कळत नाही. कमरेवर ठेवतात, गालाला लावतात. तुमचे काढूनच घेतले, बरं झालं." ही शाबासकी होती, हे मला जरा उशिरानं कळलं.

तिसऱ्या साडीला मात्र अडलं. तिचा पदर भरजरी, चांगला लांबरुंद, आणि दुकानदाराला तो पूर्ण उलगडून हवा होता. मी हातावर पसरला तर अर्धी नक्षी घडीत जाई. टोक चिमटीत धरून लांब केलं तर माझी मेंदी आधी दिसे. सरांनी दोन-चार प्रकार करून पाहिले आणि इकडेतिकडे नजर फिरवली.

"मावशी, जरा या. हे टोक धरा. कॅमेऱ्याच्या बाहेर राहायचं, बाकी काही करायचं नाही."

"मी?" आत्ती अशी दचकली की तिच्या मांडीवरची पिशवी घसरली. "नको नको. ती बेबी आहे की."

"तिला पंख्याकडे बघायचंय. या हो."

आत्ती आली. भिंतीला अंग घासत, पोट आत ओढून, आपण दिसू नये म्हणून जेवढं चोरता येईल तेवढं अंग चोरून तिनं पदराचं टोक धरलं. सरांनी कॅमेऱ्यातून पाहिलं.

"थोडं पुढं या."

"दिसेन मी."

"तुम्ही नाही, हात दिसेल. दिसू दे."

"फोटो बिघडेल तुमचा."

"मावशी, कॅमेरा माझ्याकडे आहे, काळजी मी करतो. अजून पुढं. बास. बोटं ढिली सोडा. घरी पोरीचा पदर सारखा करता तसं."

आत्तीच्या हातात दोन जुन्या पाटल्या होत्या आणि भाज्या चिरून अंगठा काळवंडलेला होता. तिनं तो अंगठा आत दुमडून घ्यायचा प्रयत्न केला. "माझा हात कसला फोटोत घालताय," ती पुटपुटली.

"ह्या हाताला मेंदी नाही," मुजावर सर म्हणाले. "मला तेवढं पुरेसं आहे."

बेबीताई खो खो हसली. मीही हसले. आणि माझ्या नकळत मी वळून आत्तीकडे पाहिलं. तीसुद्धा हसत होती, मान खाली घालून. तो सगळा रोल त्यांनी त्या एकाच साडीवर संपवला.

दिवस कलायला लागला तेव्हा दोन साड्या उरल्या होत्या. मला काळजी लागली ती आत्तीच्या जेवणाची. आम्ही जैन. आत्ती सूर्य मावळायच्या आत जेवायची. नाही जमलं तर त्या दिवशी अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. आजारपणातसुद्धा तिनं हा नेम मोडलेला मी पाहिला नव्हता. आत्ता निघालो तर घरी पोचून तिला दोन घास मिळाले असते.

मी सरांना "एक मिनिट" म्हणून तिच्याजवळ गेले. "आत्ती, जाऊ या का? मी सांगते त्यांना."

"काम अर्ध्यावर टाकून?"

"तुझं जेवण?"

"एक दिवस नाही जेवले तर मरत नाही मी. जा, तिथं उभी राहा. ती बाई केव्हाची निऱ्या धरून बसलीय."

मी जाऊन उभी राहिले. तिच्या मनात काय आहे हे मला काही केल्या कळेना. शेवटच्या दोन साड्यांमध्ये मी पापडवाल्या बाईकडे बघितलं नाही, आत्तीकडेच बघत राहिले.

एस.टी. हातकणंगल्याच्या पुढे आली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. आत्ती खिडकीशी होती. ती बाहेर बघतच म्हणाली, "फोन मी घेतला होता."

"माहीत आहे."

"विसरले नव्हते मी."

हे मात्र मला माहीत नव्हतं. म्हणजे ती हळद, ते तेल, ती रात्रभर बांधून ठेवलेली मेंदी, सगळं तिनं जाणूनबुजून केलं होतं.

"का, आत्ती?"

"तुझ्या बापानं, सुरेशनं, 'नाही' म्हणायचं काम माझ्यावर टाकलं. तू आयुष्यभर मला बोल लावला असतास. म्हटलं, तिथंच बिनसू दे. ते लोकच परत पाठवतील आणि मला काही बोलावं लागणार नाही."

"पण 'नाही'च का म्हणायचं होतं तुला?"

तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "माझे फोटो पाहिलेस कधी तू?"

"तुझे? घरात कुठायत?"

"होते. ह्याच कोल्हापुरात काढलेले. हळद लावून, मेंदी काढून. स्थळाला जायचे आणि परत यायचे. ती माणसं पत्रिका जुळत नाही म्हणून लिहायची. पोस्टमननं पाकीट हातात दिलं की उघडायच्या आधीच कळायचं मला. जाड असलं की आत फोटो. शेवटी मीच एक दिवस सगळे चुलीत घातले." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुला कुणी असं निरखून बघावं आणि नको म्हणून ठेवून द्यावं, हे मला बघवलं नसतं गं."

मला तिचा भयंकर राग यायला हवा होता. आला नाही. तिचा हात मी हातात घेतला आणि तिनं तो काढून घेतला नाही.

"पण तो माणूस तसा बघत नव्हता," ती म्हणाली. "दिवसभर मी तेच बघत बसले होते. तो तुला पसंत-नापसंत करत नव्हता. त्याला जे हवं ते सांगत होता, तू ते करत होतीस. दोघं मिळून काम करत होता." मग एकदम माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तू माझं नाव का घेतलं नाहीस तिथं?"

"घेतलं असतं तर संध्याकाळी तू नाही म्हणाली असतीस."

आत्ती इतकी मोठ्यानं हसली की पुढच्या बाकावरच्या माणसानं मागे वळून पाहिलं. "लबाड आहेस," ती म्हणाली.

घरी आप्पा सोप्यात बसले होते. समोर पेपर होता, पण वाचत नव्हते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आत्तीनं पाय धुतले, पदराला पुसले आणि खांबाला टेकून बसली. दिवसभराच्या उपाशीपणानं तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"काय आक्का?" आप्पांनी विचारलं.

"काम चांगलं आहे. माणूस सरळ आहे. पोरीच्या अंगाला हात लावला नाही त्यानं. पिन लावायची तर बाई लावत होती."

"मग?"

"पण एक अडचण आहे."

बसमधलं सगळं खरं होतं, पण सोप्यात आप्पांसमोर बसलेली आत्ती ही वेगळी बाई असायची.

"हिच्या कामाचे निरोप हिला मिळत नाहीत," आत्ती म्हणाली. "त्या माणसानं फोन करून सगळं सांगितलं होतं. मी घेतला आणि गिळून टाकला. मुद्दाम. पोरीची तिथं चार माणसांत शोभा झाली. आणि तिनं सगळं स्वतःवर घेतलं, माझं नाव काढलं नाही. आजपासून हिचा फोन हिनंच घ्यायचा. हिच्या कामात कुणी हात घालायचा नाही. मीसुद्धा."

आप्पा बघतच राहिले. आत्तीला चूक कबूल करताना त्यांनी जन्मात पाहिलं नसावं. बऱ्याच वेळानं त्यांनी पेपरची घडी घातली. "ते झालं. पण पुढं जायचं का नाही तिनं? ते सांग."

"ते मला काय विचारतोस, सुरेश? तिला विचार."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेज, कपडे, मैत्रिणी, कुठलीच गोष्ट आजवर त्यांनी मला थेट विचारली नव्हती. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. दोनदा घसा खाकरला. "काय गं," ते म्हणाले, "जाणार आहेस?"

"जाणार," मी म्हणाले.

आई दारातून आत गेली आणि आत भांड्यांचा उगाचच मोठा आवाज झाला. मी आत्तीजवळ जाऊन बसले. "सरांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय. तू येशील का बरोबर? तपासायला नको, नुसती ये."

आत्तीनं पदर सारखा केला. पाठ ताठ केली.

"तारीख सांग आधी," ती म्हणाली. "मला जमतंय का बघावं लागेल."